आधी हेल्मेट, मग बाकीचं

[दृश्य : महालक्ष्मी रेसकोर्सचं आवार, मुंबई. रिंगणात दुडक्या चालीने फिरणारा घोडा.]

पाठीपर्यंत पाच फूट उंचीचा घोडा. त्यावर माणूस बसला, की त्याचं डोकं जमिनीपासून आठेक फुटांवर जातं. घोडा बुजून बाजूला झाला, तर पडायचं तिथून. म्हणून घोडेस्वारी शिकायला नाव घातलं की पहिला खर्च हेल्मेटचा, आणि तिथे हात आखडता घ्यायचा नाही.

‘मोटारसायकलचं आहेच की घरी,’ असं बरेच पालक म्हणतात. ते चालत नाही. ते जड असतं, मानेवर भार येतो आणि कान झाकल्यामुळे शिक्षकांची हाक नीट पोहोचत नाही. घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या आत लेबल असतं. त्यावर ईएन १३८४, व्हीजी १ किंवा एएसटीएम एफ ११६३ यांपैकी एखादं मानक छापलंय का, ते दुकानातच पाहून घ्या. मखमल लावलेल्या देखण्या टोपीत मानकाचा पत्ताच नसेल, तर ती शोभेची.

[दृश्य : हेल्मेट घालून पाहणारी मुलगी, जवळून.]

कडा भुवयांच्या वर, बोट-दोन बोटं, सरळ रेषेत. पट्टा अजून लावलेला नाही. तिने मान हलवली; हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली. हे बसलं! नुसतं हेल्मेट हललं असतं, तर ते मोठं आहे. आणि कुणाचं वापरलेलं मुळीच घेऊ नका. एकदा आपटलं की आतला फोम दबतो, वरून मात्र काही दिसत नाही.

त्यानंतर बूट. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्यात, फक्त चवडा टेकवायचा असतो. बुटाला टाच नसेल तर पाऊल आरपार घुसतं, आणि स्वार पडला तर अडकलेल्या पायासकट फरफटत जातो. घोट्यापर्यंतचा, इंचभर टाचेचा, जवळपास गुळगुळीत तळाचा बूट पुरे. गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट दिसतात झकास, पण वाढत्या वयाच्या मुलांना ते लवकरच तोकडे पडतात. त्यापेक्षा पोटरीवर हाफ चॅप्स, म्हणजे घोटा ते गुडघा झाकणारी आवरणं, चढवा, म्हणजे रिकिबीची वादी चिमटे काढणार नाही. जीन्सची शिवण गुडघ्याला घासते. त्याऐवजी सुरुवातीला साधी, ताणली जाणारी लेगिंगही चालते.

[दृश्य : खोगीरखाना.]

कानपूरची खोगिरं परदेशांत जातात. दुकानात एखादं पाहिलं की घ्यावंसं वाटतंच. पण खोगीर आधी घोड्याच्या पाठीला बसावं लागतं. आतला सांगाडा अरुंद पडला, तर मानेमागचा उंचवटा दाबला जातो, पाठ सोलवटते. शिवाय शिकताना आज एक घोडा मिळतो, उद्या दुसरा. तेव्हा क्लबचंच खोगीर वापरा. तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, मात्र चढण्याआधी स्वतःच्या हाताने तपासायला शिका. रिंगणात थोडं चालवल्यावर पुन्हा तपासा : तंग आवळताना काही घोडे अंग फुगवतात, आणि चालायला लागले की तो सैल पडतो.