शब्दांची सोयरीक : डिंगळ वीरकाव्य ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक दूहा, म्हणजे दोहा, म्हणतो. अर्थाची घाई करू नका, नुसता कानावर पडू द्या.

इळा न देणी आपणी, हालरिये हुलराय ।
पूत सिखावै पालणै, मरण बडाई माय ॥

ऐकलंत? 'ळ' आला, 'ण' तर जागोजागी आला. 'पालणै' म्हणजे पाळण्यात, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. 'इळा' म्हणजे भूमी. आपली भूमी दुसऱ्याला द्यायची नाही, असं अंगाईतून आळवत आई पाळण्यातल्या पोराला मरणाची थोरवी शिकवते आहे.

हा दूहा राजस्थानातल्या बुंदीचे चारण कवी सूर्यमल्ल मिश्रण यांचा. चारण म्हणजे राजेरजवाड्यांच्या आश्रयाने काव्य रचणारी तिकडची जात. जन्म 1815, मृत्यू 1868. 1857च्या धामधुमीत त्यांनी 'वीर सतसई' लिहायला घेतली. सतसई म्हणजे सातशे दूह्यांचा संकल्प, पण गाडी 288 वर थांबली. ज्यांनी उठावं असं कवीला वाटत होतं ते राजे उठलेच नाहीत, म्हणून लेखणी थांबली, असं अभ्यासक सांगतात.

हा दूहा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे वाचला तेव्हा मात्र त्या आईशी भांडावंसं वाटलं. आपल्या अंगाईत चांदोबा येतो, चिऊकाऊ येतात. पाळण्याच्या दोरीला मरण बांधून ठेवणारी ही कसली अंगाई? डिंगळ वाचताना हे भांडण माझ्या मनात नेहमी चालू असतं, आणि तरी मी पुन्हा पुन्हा तिकडे जातो. का जातो, ते आज सांगायचं आहे.

डिंगळ ही पश्चिम राजस्थानची जुनी काव्यभाषा. तिचा पाया मारवाडी. ती मुख्यतः चारणांनी घडवली. व्रजभाषेच्या वळणाने जाणारी काव्यभाषा ती पिंगळ आणि ही डिंगळ, अशी जोडी तिकडे लावतात. नावाची व्युत्पत्ती कुणी डमरूच्या 'डिम' आवाजाला 'गळा' जोडून करतं, कुणी 'डींग मारणं' म्हणजे बढाई मारणं याच्याशी नातं जोडतं. मला डमरूची गोष्ट आवडते, खरी असो वा नसो. आणि एक गंमत. 'चा' या षष्ठीच्या प्रत्ययासाठी डिंगळमध्ये 'रो' आहे, 'तणो' आहे, आणि चक्क 'चो', 'ची'सुद्धा आहे. जुन्या राजस्थानी काव्यात असा 'ची' अचानक भेटला की परगावी आपल्या गल्लीतलं माणूस भेटल्यासारखं होतं.

आता मघाच्या दूह्याकडे पुन्हा वळू. त्याचे चार तुकडे करा. 'पूत सिखावै पालणै' : पहिला शब्द 'प'चा, शेवटचाही 'प'चा. 'मरण बडाई माय' : म आणि म. 'हालरिये हुलराय' : ह आणि ह. राहिला पहिला तुकडा. 'इळा न देणी आपणी', इथे इ आणि आ. स्वराला स्वर चालतो, अशी सवलत आहे. या बांधणीला डिंगळमध्ये 'वयणसगाई' म्हणतात. सगाई म्हणजे सोयरीक. ओळीतल्या पहिल्या शब्दाचं शेवटच्या शब्दाशी लग्न जुळवायचं. कवी ओळ सुरू करतो तेव्हाच ती कुठे जाऊन टेकणार याचा करार झालेला असतो.

ही नुसती नटवेगिरी नव्हे. हे काव्य पोथीत होतंच, पण जगलं ते तोंडी. शेकडो ओळी पाठ ठेवायच्या तर खुंट्या हव्यात, आणि ही सोयरीक म्हणजे खुंटी. एखादा शब्द विसरला तरी त्याचं पहिलं अक्षर हातात असतं. दुसरी खुंटी गीताच्या रचनेत आहे. डिंगळ 'गीत' गायचं नसतं, म्हणायचं असतं. बहुधा तीन-चार कडवी असतात, आणि पहिल्या कडव्यातला विचारच पुढची कडवी वेगळ्या शब्दांत फिरवून सांगतात. कागदावर ते कंटाळवाणं वाटतं, हे कबूल करतो. पण भर दरबारात, गलबल्यात, मागच्या रांगेतल्या माणसाचं एक कडवं हुकलं तर दुसऱ्यात तेच पुन्हा मिळतं.

अनेक वर्षांपूर्वी मारवाडातल्या एका लग्नात मी हे म्हणणं ऐकलं. एक वृद्ध बारठजी, म्हणजे चारण कवी, अंगणात उभे राहिले. वाद्य नाही, साथ नाही. साफा नीट केला, उजवा हात वर नेला आणि एका दमात ओळ फेकली. आवाज चढा, जवळजवळ एकाच सुरावर. मध्ये कुठे श्वास घेतला ते कळलंच नाही. 'कटक'चं 'कटक्क' झालं, 'भळक'चं 'भळक्क'. अक्षरं अशी आपटत की तलवार दिसायच्या आधी ऐकू यायची. बसलेले लोक ओरडत होते, "घणा रंग! घणा रंग!" म्हणजे शाबास, शाबास. आपल्या पोवाड्यात शाहिराच्या हातात डफ असतो, मागे झीलकरी असतात. इथे सगळी फौज त्या एकट्या गळ्यात. तिकडे म्हण आहे, 'बात में हुंकारो, फौज में नगारो'. गोष्टीला हुंकार हवा, फौजेला नगारा. रेडिओवर बोलणाऱ्याला हुंकार मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. असो.

वीरकाव्य म्हटलं की आपल्याला वाटतं, भाट उभा राहिला, राजाची स्तुती केली, बिदागी घेऊन घरी गेला. बिदागी होतीच. 'लाख पसाव' नावाचा इनाम होता, करमाफ गावं होती. आणि 'नांव गीतडां कै भींतडां' असंही लोक म्हणत, म्हणजे नाव राहतं ते गीतांत नाहीतर भिंतींत. राजाला गीत हवंच असे. पण ज्याच्या हातात नाव ठेवणं आहे, त्याच्याच हातात नावं ठेवणंही आहे! निंदेच्या कवितेला डिंगळमध्ये वेगळं नाव आहे, 'विसर'. चारणाच्या अंगाला हात लावणं पाप मानलं जाई. अन्याय झाला तर चारण धरणं धरत, प्रसंगी स्वतःच्याच देहावर कट्यार चालवत, आणि ते पाप राजाच्या माथी बसे. या धाकामुळे त्यांच्या जिभेला मोकळीक होती.

उदाहरण घ्या. 1658 साली उज्जैनजवळ धर्मत इथे औरंगजेबाशी लढाई झाली. समोरच्या, शाहजहानच्या बादशाही फौजेचे सरदार होते जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह. लढाई हरली, जसवंतसिंह रणातून निघाले. मागे थांबून मेला तो रतलामचा रतनसिंह राठोड. जग्गा खिडिया या चारणाने 'वचनिका' रचली, म्हणजे गद्य-पद्य मिसळलेलं काव्य, ती या रतनसिंहावर. सेनापती एक आणि नायक दुसरा. हेच जसवंतसिंह पुढे दख्खनेत आले आणि सिंहगडाला वेढा घालून हात हलवत परतले, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पण माझं सर्वांत आवडतं गीत बांकीदास आसियांचं. 1771 ते 1833 हा त्यांचा काळ. जोधपूरच्या महाराजा मानसिंहांचे ते कविराज, म्हणजे दरबारचंच मीठ खाल्लेले. 1805च्या सुमाराला यशवंतराव होळकर इंग्रजांशी झुंजत भरतपूरच्या आश्रयाला गेले होते आणि जनरल लेकला तो किल्ला काही घेता येत नव्हता. बाकीचे राजे गप्प होते. बांकीदास म्हणाले :

धणियां मरै न दीधी धरती, धणियां ऊभां गई धरा ।

पूर्वीच्या धन्यांनी मरतानाही धरती दिली नाही, आता धनी उभेच्या उभे असताना धरा गेली. ध आणि ध, सोयरीक इथेही जुळली आहे. 'ऊभां' या एका शब्दात केवढी थप्पड आहे पाहा. पुढे ते जोधपूर, उदयपूर, जयपूर अशी नावं घेऊन सुनावतात. त्यात स्वतःच्या अन्नदात्याचं गाव पहिलं! आणि ज्यांच्या स्वाऱ्यांनी, चौथाईने राजपुताना बेजार झाला होता त्या दखनी लोकांबद्दल याच गीतात म्हणतात, 'दीधो नहीं मरेठां देस'. मराठ्यांनी देश दिला नाही. भूमी गेली ती नशिबाचं लिखित म्हणून, पण ते झुंजले. आपल्या माणसांनी आपलं कौतुक केलं तर त्यात काय विशेष? हे कौतुक ज्याला आपला जाच झाला त्याच्या तोंडचं आहे. शेवटाकडे तर गीत आणखी मोकळं होतं : काहीतरी मर्दुमकी राखा रे, मग तुम्ही हिंदू असा की मुसलमान.

हे सगळं हस्तलिखितांतून बाहेर काढायला एक इटालियन माणूस आला, ही हकीकत थोडक्यात सांगतो. लुईजी पिओ तेस्सितोरी, इटलीत उदीने गावी 1887 साली जन्मलेला. 1914 मध्ये तो भारतात आला, बिकानेर-जोधपूरच्या वाळूत पोथ्या शोधत फिरला, जग्गा खिडियाची वचनिका आणि राठोड पृथ्वीराजाची 'वेलि क्रिसन रुकमणी री' त्याने संपादित केली. 1919च्या नोव्हेंबरात तो बिकानेरलाच वारला, बत्तिशी गाठायच्या आत. त्याची कबर तिथेच आहे.

जाता जाता शेवटची गोष्ट. 1903, कर्झनचा दिल्ली दरबार. उदयपूरचे महाराणा फतेहसिंह दिल्लीला निघाले. अकबरापुढे न झुकल्याचा अभिमान सांगणारं घराणं, आणि आता इंग्रजापुढे हजेरी! केसरीसिंह बारहठ या चारणाने तेरा सोरठे लिहून त्यांना वाटेत पोचते केले. सोरठा म्हणजे उलटा केलेला दूहा. नाव दिलं 'चेतावणी रा चुंगट्या', म्हणजे इशाऱ्याचे चिमटे. महाराणा दिल्लीला पोचले, पण दरबारात गेले नाहीत, तसेच परतले. दरबारात त्यांची खुर्ची रिकामी राहिली.

केसरीसिंहांनी पुढे तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर जमनालाल बजाजांच्या बोलावण्यावरून ते काही काळ आपल्या वर्ध्याला येऊन राहिले. वर्ध्याहून निघालेल्या 'राजस्थान केसरी' या साप्ताहिकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या तेरातला एक सोरठा म्हणतो आणि तुमचा निरोप घेतो. चारही तुकड्यांत सोयरीक कुठे जुळते ते या वेळी तुम्हीच शोधा.

पग पग भम्या पहाड, धरा छांड राख्यो धरम ।
महाराणा'र मेवाड, हिरदे बसिया हिन्द रै ॥

नमस्कार.