पाणी मारायचं कधी, अडवायचं कधी

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटची मॅच तुम्ही बघता ती टॉसपासून. आमचा दिवस त्याच्या बराच आधी सुरू होतो आणि शेवटचा बॉल पडला तरी संपत नाही. मी मुंबईच्या मैदानांवर काम केलेला माणूस. कागदोपत्री आम्ही ग्राउंड्समन, मैदानात सगळ्यांसाठी माळी. लोकांना वाटतं, ही माणसं गवत कापतात नि रोलर ओढतात. ओढतोच की! पण आमची खरी डोकेफोड असते पाण्याशी. कुठे मारायचं, किती मारायचं आणि कुठे एक थेंबसुद्धा पोचू द्यायचा नाही, यातच दिवस जातो.

दिवाळीनंतरचा, मॅचचा दिवस धरा. पहिल्या लोकलने येऊन, उजाडायच्या आत मैदानात हजर. औटफील्डवर, म्हणजे मधल्या खेळपट्टीभोवतीच्या गवतावर, दव असतं. बॉल त्यावरून दोनदा घरंगळला की साबणाच्या वडीसारखा निसटतो. म्हणून आधी दोर फिरवायचा. लांबलचक जाड दोर, दोन टोकांना दोघं, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढत न्यायचा. गवताच्या पात्यांवरचं दव खाली झडतं, मग ऊन लागलं की जमीन लवकर सुकते. चपला तोवर भिजून चिंब झालेल्या असतात, ते वेगळं.

मग कव्हर, म्हणजे खेळपट्टी झाकायची ताडपत्री. ते उचलणं म्हणजे चादर झटकणं नव्हे. वर साचलेलं पाणी एका बाजूने उताराकडे लोटत न्यावं लागतं. एखादा नवखा पोरगा घाईने कोपरा उचलतो आणि ते सगळं नेमकं विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, ओततो. शिवाय कव्हर रात्रभर घातलं की खाली विकेटला घाम सुटतो. त्यामुळे पाऊस नसला तरी ‘असू दे झाकलेली’ म्हणून चालत नाही. फार दिवस झाकलं तर गवतही पिवळं पडतं.

विकेट उघडी झाली की आमचे मुकादम उकिडवे बसायचे आणि अंगठा दाबून बघायचे. काही जण किल्ली खुपसतात. टीव्हीवर कॅप्टन लोकही तेच करताना दिसतात, फक्त त्यांच्याभोवती कॅमेरे असतात. अंगठ्याचा ठसा उमटला की ओल आहे, फास्ट बोलर सकाळी खूश. नुसता टणक लागला तर आता हातात काही नाही, जे व्हायचं ते आधीच्या आठवड्यात होऊन गेलं.

कारण विकेट मॅचच्या दिवशी बनत नाही, त्या दिवशी ती फक्त सजते. आधी तिला भरपूर पाणी पाजायचं, इतकं की ओल बोटभर नाही, चांगली खोलवर उतरली पाहिजे. मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. ओली असताना रोलर घातला तर माती रोलरला चिकटून पोपडे निघतात. उशीर केला तर माती इतकी सुकते की टनभर वजन फिरवा, तिला फरक पडत नाही. मधली जी वेळ असते, ती घड्याळावर सापडत नाही. ऊन किती, वारा कुठून आणि माती कुठली, यावर ती ठरते.

माती कुठली, हा तर मोठाच प्रश्न. वानखेडेवर लाल माती. ती पाणी लवकर सोडते, दाबून बसली की बॉलला उसळी देते. विदर्भ-मराठवाड्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, सुकली की आकसून भेगा पडतात. तिच्यावर बॉल सहसा खाली राहतो, थांबून येतो. वानखेडेवरचा माळी नागपुरात नेला तर पहिले काही दिवस त्याचा अंगठा त्याला खोटंच सांगणार!

आणि या मातीला घट्ट धरून ठेवतं कोण, तर हरळी. माझे गावाकडचे नातेवाईक यावर हसतात. शेतात हरळी माजली की शेतकरी खणून खणून थकतो, काडी राहिली तरी पुन्हा फुटते. तीच हरळी आम्ही खतपाणी घालून वाढवतो. तिच्या मुळ्यांच्या जाळ्यामुळेच पाच दिवस बुटांचे खिळे खाऊनसुद्धा विकेट टिकते.

पाणी वेळेआधी तोडलं तर काय होतं, ते २०१७ च्या फेब्रुवारीत सगळ्यांनी बघितलं. पुण्याजवळ गहुंज्याला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. विकेट पहिल्या दिवसापासून कोरडी ठणठणीत. आपण १०५ आणि १०७ वर आउट, तीन दिवसांत ३३३ धावांनी हरलो. आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेने, त्या विकेटला ‘पुअर’ म्हणजे खराब असा शेरा दिला. आता अशी विकेट कुणाच्या सांगण्यावरून बनते, हा वेगळा विषय आहे. त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो, माळी स्वतःच्या मनाने फारसं काही करत नसतो.

मॅचच्या सकाळी शेवटचं काम क्रीझ मारायचं. लाकडी चौकट ठेवायची, चुना कालवून ब्रशने रेघ ओढायची. स्टम्पपासून पॉपिंग क्रीझ, म्हणजे बॅट्समनने जिच्या आत राहायचं ती रेघ, ४ फूट पुढे. यातली एक गंमत पुष्कळ खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसते. क्रीझ म्हणजे ती जाड पांढरी पट्टी नव्हे, तर तिची आतली, स्टम्पांकडची कड. बॅट नुसती रेघेवर असेल तर बॅट्समन बाहेर. म्हणून पुढची कड जरा हलली तर चालतं, आतली मात्र सुतात हवी. चुना पातळ झाला आणि आत ओघळला तर बोंबाबोंब.

एकदा मॅच सुरू झाली की रोलर आमचा राहत नाही. पहिली इनिंग सोडून प्रत्येक इनिंगच्या आधी, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, बॅटिंगच्या कॅप्टनने सांगितलं तर फिरवायचा, तोही फार तर ७ मिनिटं. अंपायर घड्याळ लावून उभे असतात. दिवस संपला की बोलरच्या पायांनी पडलेले खड्डे झाडायचे, किंचित ओलवायचे, नवी माती भरायची आणि धुम्मसने ठोकायची. ते पाणी हातानं शिंपडायचं. पाइप लावायचा नाही.

पावसाचं म्हणाल तर आमच्या मुंबईची तऱ्हाच निराळी. कांगा लीग ही इथल्या क्लबांची स्पर्धा, ती १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात, उघड्या विकेटवर खेळत आले. गवत घोट्याला लागायचं, जमिनीवरून मारलेला बॉल वाटेतच अडकायचा, म्हणून लोक उचलून मारायला शिकले. तिथे कव्हरची धावपळच नाही. बाकी मॅचेसना मात्र आभाळ भरलं की आमच्या पोटात गोळा. आधी विकेट झाकायची, मग बोलरचा रनअप, म्हणजे धावत यायची जागा, मग बाकीचा स्क्वेअर, म्हणजे मधला सगळ्या विकेटांचा चौकोन. वाऱ्यात ते कव्हर माणसाला ओढत नेतं.

कोलंबोला १७ सप्टेंबर २०२३ ला आशिया कपची भारत-श्रीलंका फायनल झाली. आपल्या मोहम्मद सिराजने २१ धावांत ६ विकेट काढल्या, लंका ५० वर आउट. त्याने सामनावीराचं बक्षीस, ५ हजार डॉलर, तिथल्या ग्राउंड स्टाफला देऊन टाकलं. ती स्पर्धा पावसाने झोडपली होती आणि ती माणसं रोज मैदान झाकत-उघडत होती. पुढच्या वर्षी आयपीएलनंतर भारतीय क्रिकेट बोर्डानेही दहा नेहमीच्या मैदानांवरच्या ग्राउंड स्टाफला प्रत्येक मैदानामागे २५ लाख जाहीर केले. चांगलं झालं. आझाद मैदानात तंबूच्या सावलीत डबा खाणाऱ्या माळ्यापर्यंत मात्र ते येत नाही, कारण त्याच्या विकेटवर आयपीएल होत नाही. तिथे खेळलेली पोरं मात्र पुढे मोठी होतात.

पाण्यावरून आम्हाला बोलणीही बसली आहेत. २०१६ साली दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर हलवायला लावल्या, फायनल बंगळूरला गेली. निकाल बरोबरच होता, असं माझं मत. फक्त तेव्हा ‘मैदानावर पाणी उधळतात’ असं सरसकट म्हटलं गेलं, ते लागलं मनाला. विकेटचा माळी पाणी उधळेल कशाला? जास्त झालं तर त्याचंच काम बिघडतं.

संध्याकाळी पुढच्या मॅचच्या विकेटला पाणी सोडायचं आणि राखण करायची. ओल्या गार मातीत कुत्री येऊन लोळतात. त्यांना हाकलता येतं. विकेटभोवतीची दोरी ओलांडून शॉर्टकट मारणाऱ्या माणसांचं काय करायचं? ओल्या विकेटवर उमटलेलं पाऊल सुकलं की तसंच राहतं, त्यावर बॉल पडला तर कुठे उडेल सांगता येत नाही. तेव्हा मंडळी, दोरी दिसली तर वळसा घालून जा.

नमस्कार.