झेरॉक्सच्या कागदाएवढा रंग

दृश्य: सोसायटीचं पार्किंग, सकाळचे सात. काळ्या हॅचबॅकच्या बॉनेटवर कोरडा फडका फिरतोय.

रात्रभरात बॉनेटवर धूळ बसलीय. बोटानं रेघ ओढली तर उमटेल, एवढीच. फडका दोनदा फिरतो, धूळ जाते, बॉनेट चमकतं. पण त्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ पोलादी सुरीपेक्षाही कठीण. फडक्याखाली अडकलेला एकेक कण रंगावर बारीक रेघ ओढत जातो. हे रोज सकाळी.

दृश्य: तेच बॉनेट उन्हात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं.

जाळं गोल दिसतं, पण चरे गोल नाहीत. रेघा सगळ्या दिशांना गेलेल्या आहेत. उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चकाकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही त्याच्यामागे सरकतात. गॅरेजच्या भाषेत हे स्वर्ल मार्क. गडद रंगावर ते उठून दिसतात. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात, फक्त नजरेला येत नाहीत.

दृश्य: रंगाच्या थरांचं रेखाचित्र.

पत्र्यावर साधारण चार थर असतात. तळाशी गंज रोखणारा थर, सुमारे 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं तो चढवतात. त्यावर प्रायमर, 30 ते 40. मग रंगाचा बेसकोट, जेमतेम 15 ते 20, आणि तो स्वतः अगदी निस्तेज असतो. चकाकी येते ती सगळ्यात वरच्या क्लिअर कोटमुळे: बिनरंगाचा, 35 ते 50 मायक्रॉनचा थर, साधारण 140 अंशांच्या भट्टीत पक्का केलेला. सगळं मिळून 100 ते 150 मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद 100 मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे चरे काढायला आपण ज्यावर पॉलिशचं मशीन चालवणार आहोत, तो क्लिअर कोट अर्ध्या कागदाएवढा आहे.

या क्लिअर कोटमध्ये सूर्याची अतिनील किरणं शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. थर पातळ केला की तेही संरक्षण घटतं. मग काही उन्हाळ्यांनी छपरावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. तिथवर गेलेल्या रंगावर कोणतंही पॉलिश चालत नाही; पॅनल घासून पुन्हा रंगवावं लागतं. त्यामुळे हातात मशीन घेण्याआधी एवढं पक्कं असू द्या: पॉलिश चरा भरत नाही. ते चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवतं.

दृश्य: दरवाज्यावरच्या चऱ्यावर आडवं फिरणारं नख.

चरा किती खोल, ते नख सांगतं. नख न अडकता सरकलं, तर चरा वरवरचा आहे. अडकलं, तर तो पॉलिशनं पूर्ण जाणार नाही. दुसरी परीक्षा पाण्याची. चऱ्यावर ओलं बोट फिरवा. चरा नाहीसा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. पाण्यानं खाच भरली आणि उजेड विखुरणं थांबलं. ओला करूनही पांढरट किंवा राखाडी रेघ दिसत राहिली, तर आपण प्रायमर पाहतो आहोत.

एक गोष्ट बरेच जण चरा समजून बसतात: पार्किंगच्या खांबाचा पिवळा रंग. तो बंपरला चिकटलेला असतो, खोदलेला नसतो. मायक्रोफायबरवर थेंबभर कंपाऊंड (बारीक झिजवणारी पेस्ट) घेऊन हातानं चोळलं की बहुतेक निघतो. त्याच्या खाली काय झालंय, ते नंतर बघायचं.

दृश्य: जाडी मोजणारं यंत्र बॉनेटवर टेकतं. 118 मायक्रॉन. मग 121. मग 116.

बॉनेट कारखान्यातल्या मूळ रंगाचं आहे. आता उजवा दरवाजा: 240. हे पॅनल आधी कधीतरी पुन्हा रंगवलेलं. हजाराच्या पुढे आकडा गेला असता, तर खाली पुटी भरलीय असं समजायचं. जाड आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. यंत्र सगळ्या थरांची बेरीज सांगतं, क्लिअर कोट किती ते सांगत नाही. शिवाय गॅरेजमधलं क्लिअर हार्डनर मिसळून 60 अंशांच्या आसपास सुकवलेलं असतं. ते पहिले काही आठवडे मऊ राहतं आणि लवकर झिजतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही. तिथे हात राखूनच काम करावं.

आता धुलाई. आधी नुसत्या पाण्यानं माती उतरवायची, मग शाम्पू, तोही वरून खाली. दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, खळबळायला साधं पाणी. गाडी वाळल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली, तर रंगात लोखंडाचे, डांबराचे कण रुतलेत. ते क्ले बारनं, म्हणजे कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं, काढायचे, शाम्पूच्या पाण्यानं पृष्ठभाग भरपूर ओला ठेवून. क्ले जमिनीवर पडला, तर टाकून द्या. धुवून वापरायचा मोह महागात पडतो.

पॅनलच्या कडा, बॉडी लाइन, रबर, काळं प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा भार त्या एका रेषेवर येतो. क्लिअर कोट जळून खालचा रंग उघडा पडतो, तो बहुतेक वेळा कडेवरच.

दृश्य: ड्युअल ॲक्शन पॉलिशर, पॅड फिरवता फिरवता डगमगवणारं मशीन. पॅडवर कंपाऊंडचे चार थेंब.

सुरुवात नेहमी सौम्य जोडीनं: मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड फूट बाय दीड फूट. तेवढ्यानं काम झालं, तर पुढे जायचं कारण नाही. नाही झालं, तर एक पायरी कडक पॅड, मग गरज पडली तरच कडक कंपाऊंड. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं केशरी पॅड दुसऱ्या कंपनीच्या केशरीपेक्षा मऊ निघू शकतं. क्लिअर कोटचा कठीणपणाही गाडीगणिक वेगळा. म्हणूनच आधी एका तुकड्यावर करून पाहायचं.

कंपाऊंड वाटाण्याएवढ्या चार-पाच थेंबांत. मशीन बंद असतानाच पॅड टेकवायचं, मशीनच्या डायलवर एक-दोनच्या वेगानं पसरायचं, मग चार-पाचवर जायचं. हात सेकंदाला इंचभर, याहून घाई नको. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. एकदा उभे पट्टे, एकदा आडवे, असे एकूण चार ते सहा फेरे.

दृश्य: अगदी जवळून, पॅडच्या पाठीवर मार्करनं ओढलेली काळी रेघ फिरतेय.

ही रेघ महत्त्वाची आहे. ती फिरताना दिसते, म्हणजे पॅड फिरतंय आणि काम होतंय. ती थांबली, पॅड नुसतं थरथरू लागलं, तर दाब जास्त झालाय किंवा मशीन तिरपं झालंय. अशा वेळी झीज कमी आणि उष्णता जास्त होते. दर तुकड्यानंतर हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा: कोमट चालेल, चटका नको. उन्हात उभ्या गाडीवर हे काम करूच नये. कंपाऊंड वाळून पावडर होते आणि तीच पावडर नवे चरे पाडते. पॅडही प्रत्येक तुकड्यानंतर ब्रशनं झाडायचं, कारण त्यात झिजलेला रंग भरतो.

यानंतरची पायरी गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गाळली जाते. पॉलिशमधलं तेल बारीक खाचांत बसतं आणि चरे गेल्यासारखे दिसतात. दोन धुण्यांनंतर सगळे परत हजर. म्हणून केमिस्टकडचं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, 100 मिलीत 400 मिली पाणी घालून फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, आणि मगच टॉर्च मारा.

जुनं रोटरी बफिंग मशीन हातात बसलेल्या कारागिराकडून उत्तम काम देतं, पण ते एकाच आसावर फिरतं. एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी पत्रा तापतो. शिवाय त्यानं एकाच दिशेनं पाडलेल्या बारीक रेघांमुळे मागे उन्हात हलणारे ढगाळ पट्टे राहतात, ते होलोग्राम. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश घेऊन ड्युअल ॲक्शननं ते काढता येतात.

आता दरवाज्यावरचा तो नख अडकणारा चरा. इथे तळ गाठायचा हट्ट धरला, तर खालचा रंग उघडा पडेल. ओल्या 3000 च्या वॉटर पेपरनं, छोट्या ब्लॉकवर, दहा-बारा हलके हात. पाण्यात शाम्पूचा थेंब. मग कंपाऊंड आणि फिनिशिंग. चऱ्याच्या धारदार कडा गोलसर झाल्या की उजेड पूर्वीसारखा चमकून परतत नाही आणि दोन पावलांवरून तो शोधावा लागतो. तेवढ्यावर थांबायचं. पत्र्यापर्यंत गेलेल्या चऱ्याला टचअप पेंट, टूथपिकच्या टोकानं, पातळ थर वाळवत-वाळवत. पावसाळ्याआधी, नाहीतर गंज धरतो.

मॅट रंगावर पॉलिश कधीच नाही. तिथे चमकदार डाग पडतो आणि तो निघत नाही. फडक्याला गाडीचाच रंग लागू लागला, तर वर क्लिअर कोट नाही, जुन्या पद्धतीचा एकथरी रंग आहे, किंवा क्लिअर कोट पार संपलाय. ताबडतोब थांबून बघा. टूथपेस्टनं चरे काढायचे व्हिडिओ बरेच आहेत. तिचे कण कुठल्या जाडीचे, हे रंगाच्या हिशेबानं कुणी ठरवलेलं नसतं.

शेवटी वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग. नव्यानं रंगवलेल्या पॅनलवर मात्र किमान 30 दिवस काही लावू नका. आतलं सॉल्व्हंट बाहेर पडत असतं.

दृश्य: पुन्हा पार्किंग, सकाळ. दोन बादल्या, जाड मायक्रोफायबर.

गाडी पुसणाऱ्या दादांना एवढंच सांगायचं: धूळ असेल तर आधी मगभर पाणी, मग ओलं कापड, तेही घडी बदलत. पाणी कमी असेल, तर त्या दिवशी गाडी तशीच राहू द्या. आणि बोअरचं पाणी उन्हात अंगावर वाळू देऊ नका; क्षाराचे गोल डाग क्लिअर कोटमध्ये उतरतात.

दृश्य: यंत्र बॉनेटवर टेकतं. 115.

सुरुवातीला इथे 118 होते. दोन्ही आकडे, तारीख आणि वापरलेलं पॅड एका चिठ्ठीवर लिहून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलेत. पुढच्या वेळी जो कुणी या बॉनेटवर मशीन टेकवेल, त्यानं आधी ती चिठ्ठी वाचावी.