आयरिश क्रांतिकारकांच्या पेन्शन फायली: आधी कायदा वाचा, मग माणूस

[कॅमेऱ्याकडे पाहून]

नमस्कार मंडळी. २६ एप्रिल १९१६, बुधवार. डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्धचा ईस्टरचा उठाव सुरू होऊन दोन दिवस झालेत. आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलाची एक तुकडी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या इमारतीत ठाण मांडून आहे. त्यातले काहीजण आग लावण्याच्या कामगिरीवर जवळच्या हारकोर्ट स्ट्रीटकडे निघतात. त्यांच्यात मार्गारेट स्किनिडर आहेत. स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजला जन्मलेल्या, ग्लासगोत गणित शिकवणाऱ्या शिक्षिका. उठावात सायकलवरून निरोप पोचवणं आणि छतावरून नेमबाजी करणं, ही दोन्ही कामं त्यांनी केली. त्या रात्री त्यांना तीन गोळ्या लागल्या. त्या वाचल्या, पण पुढचे कित्येक आठवडे रुग्णालयात गेले.

१९२५ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या नव्या सरकारकडे जखमेचं पेन्शन मागितलं. अर्ज नामंजूर झाला. कारण जखमेचं नव्हतं, ‘सैनिक’ या शब्दाचं होतं. सरकारच्या कायदा सल्लागारांचं मत पडलं की १९२३ च्या कायद्यातला सैनिक म्हणजे पुरुष. म्हणून ही बाई त्यात बसत नाही.

हा कागद आज घरबसल्या, फुकट वाचता येतो. तो ज्या संग्रहात आहे त्याचं नाव मिलिटरी सर्व्हिस पेन्शन्स कलेक्शन. मूळ कागद डब्लिनमध्ये रॅथमाइन्स भागातल्या लष्करी अभिलेखागारात आहेत. जानेवारी २०१४ पासून ते टप्प्याटप्प्याने ऑनलाइन येतायत. या फायली कशा शोधायच्या आणि मुख्य म्हणजे कशा वाचायच्या, ते आज बघू.

[स्क्रीनवर: १९२३, १९२४, १९३२, १९३४]

फाईल उघडली की सगळ्यात आधी कायदा कुठला ते बघा. माणसाचं आयुष्य नंतर. कारण फाईलमधलं प्रत्येक पान त्या कायद्याला काहीतरी सिद्ध करून दाखवण्यासाठी लिहिलंय.

१९२३ चा कायदा जखमी आणि मृतांच्या कुटुंबीयांसाठी होता. १९२४ चा लष्करी सेवेच्या पेन्शनसाठी, पण त्यात मोठी अट होती. १९१६ पासून लढलात हे पुरेसं नाही, १९२२-२३ च्या यादवी युद्धात सरकारच्या, म्हणजे राष्ट्रीय सैन्यात सेवा झालेली हवी. हे युद्ध आयरिश लोकांतच पेटलं, ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या तहावरून. म्हणजे त्या तहाला विरोध करून बंदूक धरलेले सगळे बाहेर. स्किनिडर स्वतः तहाच्या विरोधात होत्या आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला. १९३२ मध्ये तहविरोधकांचे नेते डी व्हॅलेरा यांचा पक्ष सत्तेवर आला आणि चित्र पालटलं. त्या वर्षीच्या कायद्याने जखमेचं पेन्शन तहविरोधकांना आणि कमन ना मॉन या महिला संघटनेच्या सदस्यांना खुलं झालं. १९३४ च्या कायद्याने सेवेचं पेन्शनही खुलं केलं. स्किनिडरना सेवेचं पेन्शन मिळालं ते या १९३४ च्या कायद्याखाली, १९३८ मध्ये. पहिल्या नकारानंतर तेरा वर्षांनी!

म्हणून एखाद्याचा पहिला अर्ज १९३५ चा दिसला, तर ‘इतकी वर्षं हा गप्प का होता’ असा निष्कर्ष काढू नका. त्याला आधी अर्ज करायला दारच नव्हतं. काहींनी दार उघडल्यावरही तत्त्व म्हणून अर्ज केला नाही. त्यांची फाईल तुम्हाला मिळणारच नाही.

[स्क्रीनवर: फाईल क्रमांकांची रूपं]

कायदा ओळखायची खूण फाईलच्या क्रमांकातच असते. ‘२४ एसपी’ असेल तर १९२४ चा कायदा. ‘एमएसपी ३४ रेफ’ असेल तर १९३४ चा. यातला ‘रेफ’ म्हणजे रेफरी, अर्जाचा निर्णय देणारा अधिकारी. ‘१ डी’ ही मृतांच्या आश्रितांची मालिका. ‘एमडी’ म्हणजे पदकाचा अर्ज. एकाच माणसाच्या तीन-तीन फायली असू शकतात: जखमेची वेगळी, सेवेची वेगळी, पदकाची वेगळी. एक सापडली म्हणून थांबू नका. नकार एका फाईलमध्ये असतो आणि मंजुरी दुसरीत.

आता शोध. लष्करी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जा, ऑनलाइन संग्रहांमध्ये हा संग्रह निवडा आणि आधी फक्त आडनाव टाका. सगळे रकाने एकदम भरले की हाती काही लागत नाही. नावं इथे फार दगा देतात. एकच माणूस इंग्रजी रूपात एक आणि आयरिश रूपात भलताच असतो: चार्ल्स बर्जेस आणि कॅहल ब्रुआ हे एकच. आयरिश नावांतल्या स्वरांवरच्या तिरप्या रेघा कधी असतात, कधी गळतात, म्हणून दोन्ही तऱ्हांनी शोधा. बायकांचं नाव माहेरचं आणि सासरचं, दोन्ही टाकून बघा. १९१६ मध्ये माहेरच्या नावाने लढलेली स्त्री १९३६ मध्ये सासरच्या नावाने अर्ज करते. नाव फारच सामान्य असेल, मर्फी किंवा केली, तर पत्त्यावरून चाळा. तो पत्ता पडताळायला १९०१ आणि १९११ ची आयरिश जनगणना उपयोगी पडते. तीही ऑनलाइन आणि मोफत आहे.

फाईल मिळाली की अर्जातला शपथेवरचा जबाब उघडा. सगळा ऐवज तिथे आहे. १९३४ च्या अर्जात सेवेचे कालखंड पाडलेत. पहिला ईस्टरचा आठवडा, २३ ते २९ एप्रिल १९१६. मग पुढचे टप्पे, थेट १९२३ पर्यंत. प्रत्येक टप्प्यात कुठे होता, कुणाच्या हाताखाली, कुठल्या चकमकीत, शस्त्र कुठलं, हे विचारलंय. त्यानंतर बऱ्याच फायलींत सल्लागार समितीसमोरची तोंडी तपासणी असते, प्रश्नोत्तरांसकट. ती सावकाश वाचा. समितीचा प्रश्न नेहमी एकाच दिशेने जातो: तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत? कारण कायद्याला हवी होती ‘सक्रिय सेवा’, आणि तिची व्याख्या फार सैल होती. घरात बंदुका लपवल्या, पळून आलेल्यांना जेवू घातलं, रात्रभर पहारा दिला, हे सक्रिय सेवेत धरायचं की नाही, यावर माणसांचं पेन्शन अडायचं. बायकांची कामं तर बहुतेक याच प्रकारची. म्हणून त्यांचे जबाब वाचताना डोळ्यांत तेल घालून वाचा. तिथे चळवळीचा रोजचा संसार दिसतो, जो पुरुषांच्या जबाबांत येतच नाही.

अर्जाला जुन्या कमांडरची पुष्टी लागायची. इथे यादवी युद्धाची सावली पडते. १९२१ पर्यंत ज्याच्या हाताखाली लढलात, तो १९२२ मध्ये समोरच्या बाजूला होता. आता त्याच्याकडे पत्र मागायचं कसं? म्हणून पुष्टीचं पत्र कोणी दिलं याइतकंच कोणी दिलं नाही, हेही टिपून ठेवा.

[स्क्रीनवर: वर्षाला पौंडांचा तक्ता]

आकड्यांकडे येऊ. १९३४ च्या कायद्यात हुद्द्यानुसार ए ते ई अशा पाच श्रेणी. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ए ला २५ पौंड, बी ला २०, सी ला १५, डी ला १० आणि ई ला ५. स्त्रियांची मजल डी पर्यंतच होती. वर्षं बाराव्या भागापर्यंत मोजलेली असतात. समजा ई श्रेणीत ५ पूर्णांक १/१२ वर्षं मंजूर झाली. पाच गुणिले पाच, पंचवीस पौंड. उरलेला बारावा भाग म्हणजे पाच पौंडांचा बारावा हिस्सा, ८ शिलिंग ४ पेन्स. एकूण वर्षाला २५ पौंड ८ शिलिंग ४ पेन्स. पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, हे विसरलात तर हिशेब जुळत नाही. आणि ही वर्षं कॅलेंडरची नव्हेत. ईस्टरच्या एका आठवड्याचं वजन त्याच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त धरलं जाई.

नामंजुरीचा अर्थही जपून लावा. १९२४ आणि १९३४ च्या कायद्यांखाली सुमारे ८२,००० जणांनी अर्ज केले, त्यांतले सुमारे १५,७०० मंजूर झाले. उरलेले सगळे खोटारडे होते असं म्हणणं हा त्या माणसांवर मोठा अन्याय आहे. नामंजूर म्हणजे एवढंच, की समितीच्या कसोटीला पुरावा पुरा पडला नाही.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. जून १९२० मध्ये जालंधर आणि सोलनला कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश शिपायांनी आयर्लंडमधल्या दडपशाहीचा निषेध म्हणून बंड केलं. जेम्स डेली यांना २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईला गोळ्या घातल्या. त्या बंडवाल्यांसाठी आयर्लंडने १९३६ मध्ये वेगळा पेन्शन कायदा केला. आयरिश कागद चाळताना जालंधर हे नाव समोर आलं, तर ती लेखनाची चूक नाही.

आणि शोधून शोधून फाईल मिळालीच नाही तर? दोन ठिकाणं बघा. एक, सदस्यांच्या याद्या. १९३५ पासून जुन्या सैनिकांच्या स्थानिक समित्यांनी आपापल्या ब्रिगेडच्या याद्या करून दिल्या. त्यात दोन तारखांची हजेरी असते: ११ जुलै १९२१, म्हणजे ब्रिटिशांशी शस्त्रसंधी झाली तो दिवस, आणि १ जुलै १९२२. ‘आरओ’ने सुरू होणाऱ्या याद्या आयआरएच्या, म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या, ‘सीएमबी’च्या कमन ना मॉनच्या. अर्ज न केलेला माणूसही तिथे सापडू शकतो. दोन, ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी या सरकारी संस्थेच्या १,७७३ साक्षी, १९४७ ते १९५७ दरम्यान नोंदवलेल्या. त्या पेन्शनसाठी दिलेल्या नाहीत, त्यामुळे त्याच चकमकीचं वर्णन तिथे वेगळ्या सुरात येतं. दोन्ही शेजारी ठेवा, तारखा आणि नावं ओळीने जुळवा, आणि जिथे जुळत नाहीत तिथे फाईलचा क्रमांक आणि पान टिपून ठेवा.