उपाय लागू पडला, हे ठरवायचं कसं?

श्रोतेहो, नमस्कार.

अर्धशिशीच्या माणसाला सल्ल्यांची वानवा कधीच नसते. डोकं दुखतंय म्हणायचा अवकाश, 'पित्त झालं असेल', 'नंबर वाढला असेल', 'तू विचार फार करतेस' असं म्हणून समोरचा मोकळा होतो. शिवाय प्रत्येकाच्या ओळखीत अमुक उपायाने ठणठणीत बरं झालेलं कुणीतरी असतंच. हे दुखणं मी बरीच वर्षं काढते आहे. लेप, मानेचे व्यायाम, अ‍ॅक्युपंक्चर, तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या, सगळं करून झालं. पण आज मी उपायांची यादी वाचणार नाही. एखादा उपाय खरंच लागू पडला की नाही हे कळणंच महाकठीण असतं, त्याबद्दल बोलणार आहे.

कठीण का? तर मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा, अटॅक काहीही न करता 4 ते 72 तासांत आपोआप ओसरतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळाला काहीही चोळा, तिसऱ्या दिवशी डोकं उतरणारच असतं. श्रेय मात्र लेपाला जातं! दुसरं असं, की आपण नव्या उपायाकडे वळतो ते अगदी जेरीला आल्यावर, म्हणजे सगळ्यात वाईट महिन्यात. त्यानंतरचा महिना बहुधा जरा बरा जातोच.

कारणांच्या बाबतीतही असाच घोळ होतो. अटॅकच्या आदल्या दिवशी मला जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, आणि गोड खावंसं वाटतं. म्हणजे डोकं ठणकायच्या आधीच मेंदूत अटॅक सुरू झालेला असतो. अशा वेळी कुणी चॉकलेट खाल्लं आणि रात्री डोकं धरलं, की खापर चॉकलेटवर. कित्येकदा ते खाण्याची इच्छा हेच अटॅकचं पहिलं लक्षण असतं. उगाच एकेक पदार्थ सोडत जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे 'ऑरा' दिसतो. मी वाचत असते आणि ओळीतलं एखादं अक्षर गायब होतं. मग तिथे नागमोडी, चमचमती कड उमटते, हळूहळू मोठी होत बाजूला सरकते आणि साधारण वीसेक मिनिटांत नजरेबाहेर जाते. यामागे मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकणारी विद्युत-रासायनिक बदलांची एक लाट असते. लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाने अशी लाट सशाच्या मेंदूत पाहून तिचं वर्णन 1944 साली प्रसिद्ध केलं. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

तर या सगळ्यावर मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे एक साधी वही. अटॅक कधी आला, किती तास राहिला, कोणती गोळी किती वाजता घेतली, एवढंच लिहायचं. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, कारण इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घसरलं की अटॅक येतो असं पुष्कळजणींच्या बाबतीत दिसतं. आणि एका वेळी एकच नवा उपाय.

वहीतून सगळ्यात आधी दिसतो तो गोळ्यांचा हिशोब. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, अथवा 10 किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (मायग्रेनसाठीच्या खास गोळ्या) किंवा एकात अनेक औषधं असलेल्या मिश्र गोळ्या, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. त्या थांबवल्या की सुरुवातीला त्रास वाढतो, म्हणून हे काम डॉक्टरांना विचारूनच करायचं. उलट बाजूही आहे. 'ही गोळी मला लागूच पडत नाही' असं म्हणणारे पुष्कळजण ती फार उशिरा घेतात. अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. दुखणं सुरू होताच घेतली, तर तीच गोळी काम करते.

महिन्यात 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान आठ दिवस मायग्रेनचे असतील, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. तिथे रोजचं प्रतिबंधक औषध लागतं. ही औषधं बरीचशी दुसऱ्या आजारांकडून उसनी आणलेली असतात: प्रोप्रानोलॉल रक्तदाबाचं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, टोपिरामेट फिट्सचं. औषधासोबतचा माहितीचा कागद वाचून घाबरू नका, पण दमा असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर आधी सांगा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि दुखण्याचे दिवस निम्मे झाले तरी डॉक्टर त्याला यश म्हणतात. ऐकायला कंजूष वाटतं. पण निम्मे दिवस परत मिळणं काय असतं, ते ज्याचं डोकं त्यालाच कळतं. पुढे बोटॉक्स आहे, मायग्रेनच्या दुखण्यात हात असलेल्या सीजीआरपी या रेणूला अडवणारी नवी इंजेक्शनंही आहेत.

अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्यांत खोट्या सुया टोचलेल्यांनाही बराच आराम पडलेला दिसतो. मला तो तासभर शांत पडून राहणं आवडायचं, त्यात सुयांचा वाटा किती ते देव जाणे. मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) काहींना उपयोगी पडतात. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असं मात्र धरून चालू नका. बटरबर या वनस्पतीच्या अर्काची शिफारस अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनेच केली होती. यकृताला इजा होण्याच्या भीतीमुळे 2015 मध्ये ती मागे घ्यावी लागली.

आणि एक. डोकं क्षणार्धात असह्य दुखू लागलं, सोबत ताप येऊन मान ताठ झाली, हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली, तर ते नेहमीचंच असेल असं समजून अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका. ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

नमस्कार.