माशाच्या कल्ल्यातलं बालपण

(पाण्याखाली, तळाजवळ. वाळूत रुतलेल्या शिंपल्याची कड.)

नदीच्या तळाशी निम्म्याहून अधिक वाळूत रुतलेला हा शिंपला. वर दिसतायत त्या फक्त दोन फटी. एकीच्या कडेला बारीक झालर आहे, दुसरीची कड गुळगुळीत. झालरीच्या फटीतून पाणी आत शिरतं, कल्ल्यांवरून फिरतं आणि दुसरीतून बाहेर पडतं. एवढ्या वाटेत त्याचा श्वासही होतो आणि जेवणही. शैवाल, जीवाणू, कुजलेल्या पानांचा भुगा, सगळं कल्ल्यांवर गाळलं जातं. खाण्याजोगं नसेल ते चिकट द्रवात गुंडाळून तो बाहेर टाकतो, आणि त्यावर तळातले किडे जगतात. उत्तर युरोपातल्या मोती देणाऱ्या शिंपल्याचा वाढ झालेला एक जीव दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी गाळतो.

हलायचं असलं की तो मांसल पाय वाळूत खुपसतो, पायाचं टोक फुगवून रोवतो आणि मग कवच पुढं ओढून घेतो. मागं एक चर उमटतो, वीतभराचा.

आता विचार करा. नदीचं पाणी अखंड खाली वाहतंय. पूर आला की तळातलं सगळं आणखी खाली ढकललं जातं. मग असा हळू सरकणारा प्राणी नदीच्या वरच्या अंगाला पोचला कसा?

(सूक्ष्मदर्शकाखाली: उघडझाप करणारी इवली कवचं.)

नर शुक्राणू पाण्यात सोडतो. मादी ते पाण्याबरोबर आत ओढून घेते, आणि अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढतात. त्यातून निघतात या अळ्या. मोहरीच्या दाण्यापुढंही कितीतरी लहान, पण दोन झडपा मात्र पुऱ्या. राथके नावाच्या संशोधकानं 1797 मध्ये शिंपल्याच्या कल्ल्यांत त्या पाहिल्या आणि शिंपल्यावर जगणारे परजीवी समजून त्यांना ‘ग्लोचिडियम’ असं नाव दिलं. परजीवी त्या होत्याच, पण शिंपल्यावरच्या नव्हेत. 1866 मध्ये लायडिग या संशोधकाला त्या माशांच्या अंगावर सापडल्या, तेव्हा कुठं उलगडा झाला.

अळी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेऊन बसते. माशाची कातडी तिच्याभोवती वाढते आणि तिला वेढून टाकते. काही जातींत हा मुक्काम काही आठवड्यांचा, तर मोती देणाऱ्या शिंपल्यात कित्येक महिन्यांचा असतो. मासा प्रवाहाविरुद्ध पोहतो, आणि शिंपल्याची पुढची पिढी त्याच्याबरोबर वर जाते.

पण मासा मिळणं सोपं नाही. कुठलाही मासा चालत नाही. चुकीच्या माशाचं शरीर अळीला झटकून टाकतं. योग्य माशावरही पूर्वी अशा अळ्या येऊन गेल्या असतील, तर तो पुढच्या वेळी प्रतिकार करू शकतो. म्हणून मादी लाखांनी अळ्या सोडते, आणि काही जाती त्याहून पुढं जातात.

(लॅम्प्सिलिस गटातल्या शिंपल्याची मादी. कवचाबाहेर थरथरणारी मांसल घडी.)

हा छोटा मासा वाटतोय ना? डोळ्यासारखा ठिपका आहे, शेपूट आहे, पोहल्यासारखी लयही आहे. पण हा मासा नाही, शिंपल्याच्याच अंगाचा भाग आहे. आणि ज्या प्राण्याचं हे आमिष आहे, त्याला मासा दिसेल असे डोळेच नाहीत! बास नावाचा शिकारी मासा त्यावर झडप घालतो आणि त्याच्या तोंडात अळ्यांचा लोट जातो.

उत्तर अमेरिकेतल्या एपिओब्लाझ्मा गटातल्या शिंपल्यांची रीत आणखी धसमुसळी. लॉगपर्च नावाचा मासा खाणं शोधताना नाकानं खडे उलटवत फिरतो. तो उघड्या शिंपल्याशी आला की झडपा मिटतात आणि माशाचं डोकं त्यांत अडकतं. मादी अळ्या थेट त्याच्या कल्ल्यांवर सोडते आणि मग त्याला मोकळं करते. लॉगपर्चची कवटी दणकट, म्हणून तो वाचतो.

फेड करणाराही एक मासा आहे. बिटरलिंगची मादी लांब नळीनं आपली अंडी जिवंत शिंपल्याच्या कल्ल्यांत घालते आणि तिची पिल्लं तिथं सुरक्षित वाढतात.

माशावरून गळून पडलेलं पिल्लू तळाच्या खडी-वाळूत शिरतं. मोती देणाऱ्या शिंपल्याची पिल्लं अशी वर्षानुवर्षं गाडलेली राहतात. खडीच्या फटींत गाळ बसला की प्राणवायू संपतो आणि ती गुदमरून मरतात. जी तगतात, त्यांचं आयुष्य शंभरी ओलांडू शकतं.

(अमेरिका. मिसिसिपी नदी. काठावर भोकं पाडलेल्या कवचांचा ढीग.)

ही भोकं बटणांसाठी पाडलेली. जॉन बोप्ली या जर्मन कारागिरानं 1891 मध्ये आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावात शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. 1905 पर्यंत या एका गावातून वर्षाला सुमारे दीडशे कोटी बटणं निघू लागली. शिंपले टनांनी उपसले गेले.

तरी मला बटणांपेक्षा जास्त अस्वस्थ करतं ते याच नदीवरचं केओकक धरण. ते 1913 मध्ये पूर्ण झालं. बटणवाल्यांचा आवडता एबनीशेल शिंपला स्किपजॅक हेरिंग या माशावर अवलंबून होता, आणि धरणानं या माशाची वरची वाट अडवली. धरणाच्या वर शिंपले लगेच मेले नाहीत. ते पाणी गाळत राहिले, अळ्याही सोडत राहिले असतील. फक्त त्यांना न्यायला मासा येईना. पुढची कित्येक दशकं तिथं एबनीशेल सापडले ते म्हातारेच. नुसती डोकी मोजणाऱ्याला अशी नदी भरलेली वाटते. तिथं शोधायची असतात पिल्लं.

2023 मध्ये अमेरिकेनं 21 जाती नामशेष ठरवून संरक्षित यादीतून काढल्या. त्यांत 8 शिंपल्यांच्या होत्या.

(मत्स्यबीज केंद्र. बास माशांच्या टाक्या.)

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या जिनोआ गावच्या या केंद्रात हिगिन्स आय हा दुर्मीळ शिंपला वाढवतात. मादीच्या अळ्या काढून बास माशांच्या कल्ल्यांवर बसवल्या जातात, आणि गळून पडलेली पिल्लं वाढवून नदीत सोडली जातात. पण सोडण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते: त्या पाण्यात त्यांचा मासा आहे का, आणि त्याची वाट मोकळी आहे का.