आधी शिसं, मग जॅकेट

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स संपला, दोन-चार डायव्ह झाले, की हमखास विचारलं जातं: कुठली बीसी, म्हणजे हवा भरून पाण्यात तोल सांभाळायचं जॅकेट, घेऊ? पाठोपाठ दोन-तीन कंपन्यांची नावं येतात, फोनवरचे फोटो येतात. मी उलट विचारतो, समुद्रात पाण्याखाली राहायला तुम्हाला अंगावर शिशाचं वजन किती लागतं? बहुतेकांना सांगता येत नाही. इन्स्ट्रक्टरने कमरेला जेवढं बांधलं तेवढं, एवढंच ठाऊक असतं. हे ठरलेलं नसेल तर बीसीची निवड अंदाजपंचे होते, म्हणून आज बोलायची सुरुवात शिशापासून करणार आहे.

आपण कुठल्या डायव्हिंगबद्दल बोलतोय तेही स्पष्ट करतो. मालवण, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप, आणि थोडं पुढे गेलात तर मालदीव, थायलंड, इंडोनेशिया. पाणी २६ ते ३० अंशांचं, अंगात तीन मिलिमीटरचा सूट किंवा नुसती शॉर्टी, म्हणजे आखूड हातापायांचा सूट, पाठीवर डायव्ह सेंटरने दिलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर, आणि तिथवरचा प्रवास विमानाने. थंड समुद्रात पाणी आत न येऊ देणारा ड्राय सूट घालून पाठीवर दोन सिलिंडर घेऊन उतरणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. गंमत म्हणजे दुकानात दिसणाऱ्या बऱ्याच जाडजूड बीसी त्या हिशेबाच्या असतात आणि आपण त्या उबदार पाण्यात वागवत बसतो.

बीसीचं काम काय? शाळेत आपण प्लावक बल शिकलो. पाण्यात तुम्ही जेवढं पाणी बाजूला सारता तेवढ्या वजनाचा आधार मिळतो. डायव्हच्या दरम्यान हा तोल दोन कारणांनी बदलतो आणि बीसीने तेवढाच बदल भरून काढायचा असतो. पहिलं कारण सिलिंडरमधली हवा. आपल्याकडे सगळीकडे मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा. तो २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला की त्यात २२०० लिटर हवा असते, आणि हवेचं वजन लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. म्हणजे तुम्ही पाठीवर अडीच किलोहून जास्त नुसती हवा घेऊन उतरता आणि वर येईपर्यंत त्यातली बहुतेक वापरून टाकता. भरलेला असताना हा सिलिंडर पाण्यात किंचित बुडतो, रिकामा होत आला की तरंगायला लागतो. दुसरं कारण सूट. सूट ज्याचा असतो त्या निओप्रीन रबरातले हवेचे बुडबुडे खोलवर दाबले जातात आणि सूट तुम्हाला वर धरेनासा होतो. तीन मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर साधारण दोन किलोचा आधार देत असेल, तर वीस मीटरवर त्यातला अर्ध्याहून जास्त गेलेला असतो.

आता बेरीज करा. हवेचे अडीच-पावणेतीन किलो, सुटाचे सव्वा-दीड. शिसं नेमकं असेल तर डायव्हच्या सुरुवातीला, खोल पाण्यात, बीसीमध्ये जेमतेम चार लिटर हवा लागते. चारच लिटर.

शिसं जादा असेल तर काय होतं, ते आकड्यांतच पाहू. दहा मीटरवर दाब २ बार, पाच मीटरवर दीड बार. एका डायव्हरच्या बीसीत दहा मीटरवर ३ लिटर हवा आहे. तो नकळत पाच मीटरपर्यंत वर सरकला तर त्या ३ लिटरचे ४ होतात. एका लिटरची वाढ, एवढी त्याला श्वास सोडून, जरा व्हॉल्व्ह ओढून आवरता येते. त्याच्याच शेजारच्या डायव्हरने चार किलो शिसं जास्त बांधलंय. ते पेलायला त्याच्या बीसीत ७ लिटर हवा आहे. तोही तेवढाच वर सरकला, तर त्याचे ७ लिटर सव्वानऊच्या वर जातात. त्याला वर ओढणारा जोर दुपटीहून अधिक. तो घाईने हवा सोडतो, जास्तच सोडतो, खाली जातो, परत फुगवतो. पूर्ण डायव्हभर हेच चालतं आणि हवा पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासात संपते. मग म्हणतो, बीसी बरोबर नाही. बीसी बिचारी ठीकच असते.

म्हणून नवीन बीसी घेण्याआधी हे एकदा कराच. डायव्ह संपताना सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असतील तेव्हा पृष्ठभागावर बीसी पूर्ण रिकामी करा, पाय न हलवता सरळ उभे राहा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. दगडासारखे गेलात तर शिसं काढा. भरलेल्या सिलिंडरने ही चाचणी केलीत, तर पुढे वापरायच्या हवेपोटी साधारण दोन किलो शिसं जास्त धरा. आणि पुण्या-मुंबईत तलावात सराव करून थेट समुद्रावर जाणाऱ्यांनी तलावातला आकडा समुद्रात वापरू नये. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो भरत असेल तर समुद्रात अडीच किलो शिसं जास्त लागतं. उलट बाजूही तेवढीच खरी, समुद्रातलं शिसं घेऊन तलावात उतरलात तर तळाशी जाऊन बसाल.

हे झालं की मग प्रकारांकडे वळायचं. सुरुवातीच्या काळात, १९६०च्या दशकात, फ्रान्समध्ये फेन्झी नावाची गळ्यात घालायची फुगवणी निघाली, छातीवर लोंबणारी. मग १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीने बाह्या नसलेल्या कोटासारखं जॅकेट आणलं, आणि डायव्ह सेंटरमध्ये भाड्याने मिळतं ते आजचं जॅकेट त्याच वंशातलं. त्यात हवा दोन्ही कुशींना आणि पाठीला असते. पृष्ठभागावर ते तुम्हाला छान उभं धरतं. पण पाण्याखाली पूर्ण फुगलं की बरगड्या आवळतं, आणि आडवं पोहताना हवा कडेला फिरत राहते. दुसरा प्रकार, हवा फक्त पाठीमागे. त्यात एक शिवलेली, खांद्यावर बकल असलेली बीसी, आणि दुसरी म्हणजे धातूची पाटी, तिच्यातून ओवलेला सलग पट्टा आणि मागे विंग, म्हणजे हवेची पिशवी. हवा पाठीवर असल्याने शरीर आपसूक आडवं राहतं, पाय खाली लोंबत नाहीत.

हे आडवं राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा पाण्याखाली उभा राहत नाही. पाय खाली ठेवून सायकल चालवल्यासारखी फिन (पायातली पोहायची पाती) मारणारा एक डायव्हर तळाची वाळू उडवतो, ती प्रवाळांवर बसते, आणि फिनचं टोक एखाद्या फांदीला लागलं की कित्येक वर्षांची वाढ तुटते. मी हे डोळ्यांदेखत पाहिलंय, आणि दर वेळी त्या माणसाच्या कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसं होतं. सगळं शिसं कमरेलाच नको. एक-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशांत गेलं तर पाय वर येतात. ॲल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी शेवटी बुडाकडून उचलतो, त्यालाही आळा बसतो. बीसीला असे खिसे आहेत का, किंवा ते लावता येतात का, हे बघून घ्या.

मग सगळ्यांनी विंगच घ्यावी का? इथे आपल्याकडच्या होड्यांचा विचार करावा लागतो. मालवणला किंवा लक्षद्वीपला बऱ्याचदा होडी लहान असते, शिडी कधी असते, कधी नसते. डायव्ह संपला की पाण्यातच बीसी काढून होडीवाल्याच्या हातात द्यायची आणि मग कडेवरून आत चढायचं. सलग पट्ट्याच्या हार्नेसमधून लाटांत खांदा सोडवणं सरावाने जमतं, पण दमलेल्या माणसाला, खांदा दुखणाऱ्याला, ते जड जातं. म्हणून उबदार पाण्यात हिंडणाऱ्या बहुतेकांना मी मधला मार्ग सांगतो: पाठीला हवा असलेली हलकी बीसी, दोन्ही खांद्यांवर उघडणारी बकल. जॅकेटची सवय पक्की असेल आणि वर थांबून होडीची वाट पाहण्यातच जीव घाबरत असेल, तर जॅकेट खुशाल घ्या, फक्त त्याच्या जातीतलं हलकं घ्या. मागे हवा असलेली बीसी पृष्ठभागावर गच्च फुगवली तर चेहरा पाण्याकडे ढकलते. थोडी कमी फुगवा आणि मागे रेला, की हा त्रास राहत नाही.

होडीत बीसी आधी द्यायची म्हटलं की शिसं कुठे असावं हेही आलं. सगळं शिसं बीसीच्या खिशांत ठेवलंत तर वर ओढणाऱ्याच्या हातात वीस किलोच्या घरातलं ओझं जातं. शिवाय बीसी काढल्याबरोबर तुम्ही सुटामुळे वर आणि ती खाली, अशी ताटातूट होऊ शकते. निम्मं शिसं कमरेच्या पट्ट्यावर, निम्मं बीसीवर, ही वाटणी मला पसंत आहे. आणि नियम हा की पूर्ण फुगवलेली बीसी, भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर (ज्यातून सिलिंडरमधली हवा श्वासात घेतो ते) आणि खिशांतलं शिसं हे सगळं तुमच्याशिवायही तरंगलं पाहिजे.

यावरून बीसीची उचल, म्हणजे वर धरायची ताकद, किती लागते ते निघतं. भरलेल्या सिलिंडरचा पाऊण किलो, रेग्युलेटरचा एखाद-दीड, शिशाचे तीन-चार, हार्नेसच्या धातूचं जे असेल ते. शिवाय पाण्यावर डोकं बाहेर धरायला चार-पाच किलो. दहा-बारा किलोची उचल उबदार पाण्यातल्या एका सिलिंडरला पुरते, चौदा असली तर भरपूर. वीस-पंचवीस किलोचा आकडा दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते कापड तुमच्या अंगावर नुसतं फडफडेल, पोहताना पाण्याला अडेल आणि त्याच्या कोपऱ्यात हवा अडकेल.

आता प्रवास. आपल्या देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो सामान नेता येतं, लक्षद्वीपमधल्या आगत्तीच्या लहान विमानासाठी आधी विचारून घ्यावं. नेहमीचं गादीदार जॅकेट तीन ते चार किलोचं, प्रवासी बीसी दोन-अडीच किलोची. फरक दीड किलोचा वाटतो, पण जॅकेटची गादी पाणी पितेही. अंदमानातल्या दमट हवेत ती रात्रभर टांगूनही वाळत नाही, आणि परतीच्या दिवशी तराजूवर वेगळाच आकडा येतो. गादीतल्या हवेने तीच बीसी पाण्यात किलोभर तरंगतेही, म्हणजे ती बुडवायला आणखी शिसं. एका दिवसात अनेक डायव्ह केले तर विमानापूर्वी किमान अठरा तास थांबायचं असतंच. तेवढ्या वेळात पातळ कापडाची बीसी वाळून खडखडीत होते. स्टीलची पाटी दोन-अडीच किलोची असते, पण ती शिशाची जागा घेते. तुमच्या सामानात ते वजन येतं, डायव्ह सेंटरच्या शिशातून ते वजा होतं. ज्याला जेमतेम चार किलो लागतात त्याने ॲल्युमिनियमची पाटी किंवा नुसता कापडी हार्नेस पाहावा.

बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट इथे माझ्या हातात आहे. इन्फ्लेटरच्या, म्हणजे बीसीत हवा भरायच्या बटणांच्या भागाच्या, खाली हे लहानसं स्टीलचं तोंड दिसतं ना, रेग्युलेटरची नळी इथे खटकन बसते. नेहमीच्या मापाचं असेल तर जगातल्या बहुतेक भाड्याच्या रेग्युलेटरशी जुळतं. पण काही बीसींवर इन्फ्लेटर आणि श्वास घ्यायचं राखीव मुख एकत्र असतात आणि त्यांचं तोंड मोठं असतं. बीसी स्वतःची नेली, रेग्युलेटर तिथे भाड्याने घेतला, तर नळी बसणारच नाही. बीसी घेताना साधं इन्फ्लेटर मागा. ते बिघडलं तर आख्खं बदलून मिळतं, वरचा प्लास्टिकचा पट्टा कापायचा, नवीन बसवायचं. बिघाड बहुतेकदा मिठाचा. बटणाच्या आत मीठ साचून ते दाबलेलं राहिलं तर बीसी आपोआप फुगत राहते आणि तुम्ही वर जायला लागता. तेव्हा नळी ओढून वेगळी करायची आणि त्याच वेळी हवा सोडायची. पुढच्या डायव्हआधी होडीत बसूनच ही नळी तीनदा काढून घालून बघा, बोटांना ओळख व्हायला हवी. आणि तोंडाने फुगवण्याचा सरावही ठेवा, सिलिंडर रिकामा झाल्यावर तेवढंच हाताशी असतं.

दुकानात बीसी घालून बघताना आत रॅश गार्ड (पोहताना घालायचा पातळ, घट्ट शर्ट) किंवा सूट असू द्या, मागे सिलिंडर लावायला सांगा. पट्टे आवळा आणि बीसी गच्च फुगवा, अगदी जादा हवा व्हॉल्व्हमधून फुस्स करून निघेपर्यंत. मग खोल श्वास घ्या. बरगड्या अडत असतील तर ती ठेवून द्या. दोन्ही हात वर करा, जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर धड तुमच्यासाठी लांब आहे. ठेंगण्या माणसांना आणि बऱ्याच बायकांना हा त्रास होतो, त्यांच्यासाठी निराळ्या बेताचे खांदे असलेली बीसी मिळते, ती मागून घ्या. शेवटी पुढे वाका आणि कमरेमागची हवा सोडायची दोरी डोळे मिटून शोधा. डोकं खाली असताना हवा तिथूनच सुटते. ती हाती लागत नसेल तर बाकी कितीही आवडली तरी ती बीसी घेऊ नका.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, मी स्वतः तसं सुचवतो. फुगवून रात्रभर ठेवू द्या आणि सकाळी बघा, थोडी मऊ झाली तर चालेल, चपटी झाली तर नाही. इन्फ्लेटरच्या तोंडातून आत गोडं पाणी ओता, हलवा, उलटी करून काढा. गढूळ, खारट पाणी आलं तर समजा मालकाने आतून ती कधी धुतलेलीच नाही. मग किंमत पाडून घ्या आणि इन्फ्लेटर नवीन बसवा. घरी आल्यावरही दर सहलीनंतर असंच आतून धुवा, निम्मी फुगवून सावलीत टांगा. उन्हात नको, नायलॉन उन्हाने कुजतं.